तुकोबारायांचा विषाद

भाविक सज्जनहो, श्रीतुकोबारायांचे चरित्र आपणांस ठाऊक नाही असे थोडेच आहे! वह्या तरल्याची कथा आणि बीजेचा सोहळा वारीच्या वाटेवरचे पोरही सांगेल. आज आम्ही त्याच्या आधीचा भाग घेणार आहोत. महाराजांना जेवणात, दुकानात, माणसांत, कशातच गोडी उरली नव्हती, ते दिवस.

इंद्रायणीकाठच्या देहू गावी शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ साली महाराजांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. वडील बोल्होबा, माता कनकाई. वडील बंधू सावजी, धाकटे कान्होबा. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी कुळात चालत आलेली. पेठेची महाजनकी, दुकान, सावकारी. घर खाऊनपिऊन सुखी. सावजींचे चित्त प्रपंचात रमेना, म्हणून तेराव्या वर्षीच व्यापाराचा भार तुकोबांवर पडला आणि त्यांनी तो नीट वाहिला. थोरल्या पत्नी रखुमाबाई यांस दम्याचा विकार होता. म्हणून पुण्याच्या गुळव्यांची कन्या जिजाई घरात आली. हिलाच आपण आवलीमाउली म्हणतो.

मग घाव सुरू झाले. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. भावजय वारली, आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले ते गेलेच. इ.स. १६२९ साली पावसाने ओढ दिली. १६३० साली तर दख्खन आणि गुजरात दोन्ही मुलुख कोरडे पडले. माणसे गाव सोडून चालती झाली. तुकोबांचा धंदा बसला, दिवाळे निघाले, पेठेतली पत गेली. रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतू गेला. तेव्हा महाराजांचे वय काय, तर अवघे एकवीस-बावीस!

यानंतरच्या अवस्थेस पुष्कळ जण वैराग्य हे एकच नाव देऊन पुढे जातात. आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. वैराग्य निराळे, विषाद निराळा. वैराग्यशील पुरुष विषय टाकतो, पण त्याचे चित्त प्रसन्न असते. विषादात माणूस काही टाकीत नाही, त्याच्या हातून सगळे गळून जाते. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. एवढा मोठा धनुर्धर, पण त्याच्या हातात धनुष्य राहीना. भगवंतांनी काही त्याला विरक्त म्हणून शाबासकी दिली नाही. त्याच्याशी अठरा अध्याय बोलत राहिले.

महाराजांचे ते पहिले दिवस या विषादाचे होते, असे आम्हांस वाटते. पुढे संतमंडळींनी विचारल्यावरून त्यांनी आपली हकिकत एका अभंगात स्वतःच सांगितली. तीत दुःख आहे, लोकांत तोंड दाखवण्याची लाज आहे, धंद्याचा वीट आहे. त्यातले काहीही त्यांनी झाकून ठेवले नाही.

अशा मनाने ते एके दिवशी घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा रानोमाळ शोधीत फिरले आणि शेवटी तिथे त्यांची गाठ पडली. कान्होबांनी काय उपदेश केला, हे आपल्याला कुणी सांगत नाही. ते शोधीत गेले, एवढेच सारे सांगतात. आणि तेच मोठे आहे! दोघे भाऊ इंद्रायणीवर आले. सावकारीची कर्जखते आणवली. निम्मी कान्होबांच्या स्वाधीन केली, कारण त्यांना संसार होता. आपली निम्मी महाराजांनी डोहात सोडली. ज्यांच्याकडून येणे होते, तीही दुष्काळाने खचलेलीच माणसे. त्यांच्या दाराशी तगाद्याला जाणे संपले.

ओझे उतरले. पण ओझे उतरले म्हणजे गोडी परत आली, असे होत नाही हो! यापुढे महाराजांनी काय केले ते नीट पाहावे.

पूर्वजांचे विठ्ठलमंदिर पडझडीस आले होते. ते त्यांनी उभे करायचे ठरवले, आणि स्वतःच्या हातांनी दगडमातीचे काम केले. एकादशीस कीर्तन धरले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, ही कबुली त्यांचीच आहे. जगद्गुरूंचे चित्त लागत नव्हते! पण लागेल तेव्हा पाहू, असे म्हणून ते बसून राहिले नाहीत. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून नामदेवरायांचे अभंग, ज्ञानेश्वरी, नाथभागवत, कबीरांची पदे पाठ करू लागले. कीर्तनात दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. शरीर झिजवून दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागले.

आम्ही चाळीस वर्षे कीर्तनास उभे राहतो, म्हणून या ध्रुपदाचे मोल आम्हांस कळते. मागे उभ्या असलेल्याला नवे काही सुचावे लागत नाही. पुढच्याने टाकलेला चरण उचलायचा आणि टाळाचा ठेका सांभाळायचा, झालं. मन रिते झालेल्या माणसालाही हे जमते, आणि तेवढा वेळ तो दहा जणांत उभा राहतो. गोडी आधी आणि काम मागून, असा क्रम तिथे नव्हता. काम आधी चालू झाले. गोडी हळूहळू मागून आली.

आणि आवलीमाउलीस विसरू नये. ती तोंडाने फटकळ, पण भाकरी घेऊन भंडारा चढणारी तीच. नवरा जेवला का, एवढी एक काळजी तिने सोडली नाही.

पुढे बाबाजींनी स्वप्नात अनुग्रह दिला, नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि अभंगगंगा वाहू लागली. तरी घाव संपले नाहीत. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आक्षेपावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठाशी बसले. वह्या तरल्या; रामेश्वरभट पुढे त्यांचेच शिष्य झाले. अशा काळात महाराजांनी दुःख गिळले नाही. देवाशी भांडले, रडले, कोरड्या पडलेल्या मनाची तक्रार त्याच्याच दाराशी नेली. गाथेत असे अभंग थोडेथोडके नाहीत.

आपल्यावर आलेल्या आपत्तींबद्दल महाराजांनी देवाचे आभारही मानले आहेत, हे खरे. पण ते त्यांनी स्वतःपुरते, आणि पार झाल्यावर मानले. दुसऱ्याची चूल विझलेली असताना आपण त्याच्या ओट्यावर बसून तसे बोलू नये.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की आपल्या माळकरी घरांतही अशी माणसे असतात. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, नातवंडाच्या हसण्यानेही मन हलत नाही, आपण सर्वांना भार झालो असे वाटते. मग कुणी म्हणते विरक्ती आली, कुणी म्हणते नाम कमी पडले. दोन आठवडे, महिना हेच चालले तर तो आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे, बोलून होणारा उपचारही आहे. ज्वरात आपण वैद्याकडे जातो, तेव्हा नाम सोडतो का? तसेच हे. केंद्र सरकारने २०२२ साली टेलिमानस ही सेवा सुरू केली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलला, तर त्याला एकटे सोडू नये. त्याला घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुष्काळात उजाड झालेल्या त्या घरात पुन्हा मुलेबाळे खेळली. महाराजांच्या वैकुंठगमनानंतर जन्मलेले नारायणबाबा हे त्यांतलेच. त्यांनी इ.स. १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला, आणि आषाढीस आपण तिच्यामागे चालतो. चालताना दिंडीत कुणी टाळ खाली धरून मुका चालत असेल, तर त्यास गा म्हणून आग्रह करू नये. त्याच्या शेजारी चालावे, मुक्कामाला तो जेवला का ते पाहावे, आणि तो रांगेत दिसला नाही तर कान्होबांप्रमाणे शोधायला निघावे.

॥ रामकृष्णहरि ॥