फॅनी क्रॉस्बी : शाळेनंतरची सेवा

आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. शाळेचा निरोप घेतला की आपले काम संपले, असे त्यांतील काहींना वाटू लागते. अशा बंधुभगिनींसाठी आम्ही या वेळी फॅनी क्रॉस्बी यांचे चरित्र निवडले आहे.

फॅनी यांचा जन्म २४ मार्च १८२० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका खेड्यात झाला. सहा आठवड्यांच्या असताना त्यांचे डोळे आले. एका भोंदू वैद्याने लावलेल्या पोटिसाने दृष्टी गेली, असे घरचे मानीत. त्याच वर्षी वडीलही वारले. आई कामाला जाई आणि आजी नातीला सांभाळी. आजीने पवित्र शास्त्र ऐकवून ऐकवून त्यातील अध्यायच्या अध्याय तिच्याकडून पाठ करून घेतले.

१८३५ साली फॅनी न्यूयॉर्कच्या अंधशाळेत दाखल झाल्या व १८४७ पासून तेथेच व्याकरण आणि इतिहास शिकवू लागल्या. पुढे शहरात पटकीची साथ आली, तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. मरण जवळून पाहिल्यावर स्वतःच्या तारणाचा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. नोव्हेंबर १८५० मध्ये एका मेथडिस्ट सभेत त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले.

१८५८ साली अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन या अंध संगीतकाराशी त्यांचा विवाह झाला व शाळा सुटली. त्यांना एक मूल झाले, पण ते तान्हेपणीच गेले. वर्गातली मुले दुरावली होती, आता पाळणाही रिकामा झाला. या दुःखाविषयी त्या क्वचितच बोलत.

अशा स्थितीत १८६४ साली संगीतकार विल्यम ब्रॅडबरी यांनी त्यांना भक्तिगीते लिहिण्यास सांगितले. फॅनी तेव्हा चव्वेचाळिशीत होत्या. पूर्वी त्यांनी लौकिक गाण्यांना शब्द दिले होते, पण आपले खरे काम हेच, हे त्यांना आता उमगले. गीत मनातच रचायचे, पाठ ठेवायचे आणि मग कोणाकडून तरी लिहवून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. आजीने घोटून घेतलेली वचने आणि वर्गात शिकवलेले व्याकरण, दोन्ही येथे उपयोगी पडले. १८६८ साली विल्यम डोन गाडी गाठण्याच्या घाईत एक चाल घेऊन आले. फॅनी यांनी अर्ध्या तासाच्या आत, येशूच्या बाहूंत जिवाला मिळणाऱ्या विसाव्याचे गीत सांगितले. मूल गमावलेल्या कित्येक मातांना त्या गीताने धीर दिला. रिकाम्या पाळण्याचे दुःख प्रभूने असे कामी आणले.

त्यांनी आठ हजारांवर गीते रचली. एका गीताला एक-दोन डॉलर मिळत आणि त्यातलेही त्या गरिबांना देत. उतारवयात त्या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत राहून व्यसनाधीनांच्या मिशनांत सेवा करीत. १२ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्या ब्रिजपोर्ट येथे प्रभुवासी झाल्या. त्यांच्या कबरेवरील लहानशा शिळेवर, बेथानीत प्रभूला सुगंधी तेलाचा अभिषेक करणाऱ्या स्त्रीविषयी प्रभूनेच काढलेले उद्गार कोरले आहेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलांकडून वचने पाठ करून घेताना कंटाळू नका. आणि निवृत्त गुरुजनहो, हाती उरले आहे तेवढे घेऊन या रविवारी आपल्या पाळकांना भेटा. प्रभूने तुमचे नाव हजेरीपटावरून काढलेले नाही.