टॉमस हॉक्लिव्ह : अक्षरवळणातून ओळखलेला कवी

चॉसरला गुरुस्थानी मानणारा टॉमस हॉक्लिव्ह (सुमारे १३६७-१४२६) हा इंग्रजी कवी सुमारे १३८७ पासून वेस्टमिन्स्टर येथील राजाच्या प्रिव्ही सील या मुद्रेच्या कार्यालयात कारकून होता. थकलेले वेतन, लेखनश्रमाने शिणलेले डोळे व पाठ, पुढे जडलेला मनोविकार हे सारे त्याच्या काव्यात आले आहे. त्याने सिद्ध केलेली दप्तरी पत्रांची नमुनावही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९३७ मध्ये एच. सी. शुल्झ यांनी जी, डब्ल्यू, वाय यांसारख्या अक्षरांची वळणे ताडून त्याच्या काव्याची हस्तलिखिते स्वहस्ताक्षरातील असल्याचे दाखविले. पोटासाठी घटविलेले दप्तरी वळणच अशा रीतीने कवीच्या ओळखीचा पुरावा ठरले. त्यामुळे नकलनवीस आणि कवी हा भेद निदान हॉक्लिव्हच्या बाबतीत तरी टिकत नाही.