वॉल्डेमार हाफकिन : प्लेगची लस आणि जमिनीवर पडलेला एक चिमटा

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. लसींच्या संदर्भात हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. आज त्याच माणसाची ओळख करून घेऊ.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. धर्म बदलला असता तर त्यांना चांगली जागा मिळाली असती, पण त्यांनी ते मान्य केलं नाही. पुढे ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तिथेही आधी काम मिळालं ते ग्रंथालयात! उरलेल्या वेळात ते प्रयोग करत. त्यातूनच त्यांनी पटकीची (कॉलऱ्याची) लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि कोलकात्यासह अनेक ठिकाणी त्यांनी ही लस दिली.

1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. पाहता पाहता साथ पसरली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 1897 मध्ये सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला, हे तुम्ही शिकलाच आहात. अशा वेळी सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं.

प्रयोगशाळा म्हणून त्यांना काय मिळालं? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. बकऱ्याच्या मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढायचे. मग बाटली तापवून ते मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला लढायला शिकवतात. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही आणि दोन्हींची नोंद ठेवली. आधीच लागण झालेले सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी कोणी दगावलं नाही.

मागणी वाढत गेली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठी प्रयोगशाळा सुरू झाली. आता काम एकट्याचं राहिलं नव्हतं. माणसं नेमायची, बाटल्या भरायच्या, प्रत्येक बाटलीला क्रमांक द्यायचा, लांबच्या प्रांतांत पाठवायच्या. शोध लावणं एक आणि तेच काम रोज, न चुकता, लाखो माणसांसाठी करणं वेगळं.

आणि मग ती दुर्दैवी घटना घडली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, की या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं. 1904 मध्ये त्यांनी भारत सोडला.

पण जबाबात एक गोष्ट नोंदवलेली होती. बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात! तो चिमटा नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून बाटलीचं बूच काढलं होतं. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावे पुन्हा तपासले. मलेरियावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. 1907 मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. पण मुंबईतली जागा भरली गेली होती, म्हणून ते कोलकात्याला गेले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. त्याआधीच, 1925 मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं.

मुलांनो, विचार करा. चिमटा नीट निर्जंतुक करायला किती वेळ लागला असता? थोडाच. तेवढी काळजी राहिली आणि 19 घरांत माणूस गेलं. आणि बाटलीवर क्रमांक नसता, जबाब लिहून ठेवले नसते, तर खरं कारण कधी पुढेच आलं नसतं.

म्हणून प्रयोगवहीत तारीख लिही, चंचुपात्र धुऊन ठेव, असं बाई-सर सांगतात तेव्हा कंटाळा करू नका. विज्ञानात हुशारी लागतेच, पण माणसांचे जीव वाचतात ते अशा छोट्या सवयींमुळे.

स्वाध्याय : शाळेतल्या प्रयोगाच्या वेळी पाळायचे पाच नियम लिहा आणि प्रत्येक नियम का पाळायचा, तेही एका वाक्यात सांगा.