विश्लेषण : तंबाखू, धोतर आणि कर्करोग… केसपेपरवरून माग काढणारे डॉ. खानोलकर कोण होते?

खडकीत राहणारा रुग्ण केमोथेरपीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातो. मग तो आकडा मुंबईचा की पुण्याचा? लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीत तो पुण्याचा धरला जातो, कारण तिथे रुग्णालयापेक्षा राहता पत्ता महत्त्वाचा. अनेकांना दाखल न होताच उपचार मिळतात. त्यामुळे नोंदणी कर्मचाऱ्यांना ओपीडी, रेडिओथेरपी आणि पॅथॉलॉजीच्या नोंदीही चाळाव्या लागतात. रुग्ण कुठला, कोणत्या समाजाचा, त्याला सवयी काय, हे विचारण्याला आपल्याकडे शास्त्राचा दर्जा मिळवून दिला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

पॅथॉलॉजिस्टला सवयींशी काय देणेघेणे?

खानोलकरांचा जन्म 1895 मध्ये क्वेट्ट्यात झाला. 1923 मध्ये लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी होऊन ते मुंबईत आले. 1941 मध्ये टाटा मेमोरियल सुरू झाले, तेव्हा प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. देशभरातून रुग्ण येत होते. खानोलकर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, पण तेवढ्यावर थांबत नसत.

1945 मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह तीन प्रकार मांडले. चुना लावलेली खैनी खालच्या ओठाआड धरणाऱ्यांना ओठाचा कर्करोग. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूचा. (आंध्रच्या किनारपट्टीवर बायकाही असा चुट्टा ओढत.) तिसरा धोतराचा! कमरेला घट्ट आवळलेले धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घासले की तिथल्या त्वचेत रोग उद्भवे. हसण्यावारी नेऊ नका. परकराच्या नाडीमुळे झालेल्या अशाच कर्करोगाची नोंद अलीकडे महाराष्ट्रातही झाली आहे.

1955 मध्ये संघवी आणि राव यांच्यासह त्यांचा तंबाखूवरचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. कर्करुग्ण आणि इतर लोक यांच्या सवयी शेजारी ठेवून पाहिल्या, तर ओढणाऱ्यांत आणि चघळणाऱ्यांत रोगाची जागा वेगळी निघते का, हा त्यातला प्रश्न. तुलनेला दुसरा गट नसेल, तर सगळे रुग्ण तंबाखू खातात या निरीक्षणाला फारसा अर्थ उरत नाही. गावात सगळेच खात असतील!

मग नोंदणी कशासाठी?

या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. परळपर्यंत पोहोचलेलाच रुग्ण मोजला जातो. भाड्याला पैसे नसलेला गावीच राहतो. ओपीडीतली रांग कितीही लांब असली तरी लाखात किती जणांना रोग झाला, हे ती सांगत नाही. त्यासाठी ठरावीक हद्दीतला प्रत्येक रुग्ण मोजावा लागतो. इंडियन कॅन्सर सोसायटीने ते काम 1963 मध्ये मुंबईत सुरू केले, पुढच्या दशकात पुण्यात.

खानोलकर तोवर भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक म्हणून नावाजले होते. हुजूरपागेत शिकलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी सांभाळले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. ओपीडीत आजही नव्या रुग्णाला पत्त्यामागोमाग तंबाखूची सवय विचारली जाते, आणि बरेच जण ती लपवतात.