रंग दिसेनात, म्हणून लोखंड

इंजिनीअरिंगच्या वर्गात एखादा तरी असतोच, ज्याला घरी टिग वेल्डिंगचा सेट लावायचा असतो. टिग म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘आर्गन’. टंगस्टनच्या टोकाशी आर्क, भोवती आर्गन वायूचं कवच आणि दुसऱ्या हातात फिलरची सळई. या गड्याची यादी तयार असते: 200 अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, सिलिंडर, आपोआप काळं होणारं हेल्मेट. जागा? बोरीवलीच्या वन-बीएचकेची बाल्कनी. आणि बनवायचं काय, असं विचारलं की तो थोडा गप्प होतो. त्याच्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट.

किर्लोस्कर म्हटलं की पंप आठवतो. पण लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. 20 जून 1869 ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे जन्म. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या वाट्याला यापेक्षा वाईट काय येणार! त्यांनी रंग सोडले, रेघ नाही सोडली. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत. त्यात ते इतके तयार झाले, की मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले.

(गंमत म्हणजे टिगवाल्यांचा रंगाशी रोजचा संबंध. स्टेनलेस स्टीलचा सांधा फिकट सोनेरी आला तर काम छान, करडा-काळा पडला तर उष्णता जास्त झाली किंवा आर्गन कमी पडला. लक्ष्मणरावांना हे नुसत्या नजरेने कळलं असतं का, कोण जाणे.)

नोकरी सुरू असतानाच त्यांनी सायकलीच्या धंद्यात हात घातला. लक्ष्मणराव मुंबईत, मोठे बंधू रामूअण्णा बेळगावात. सायकली मुंबईहून जायच्या, अण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर उद्योगाचं सुरुवातीचं साल 1888 धरतात ते याच दुकानामुळे. सायकलीच्या नळ्या तेव्हा पितळेने झाळून जोडत. टिग यायला अजून अर्धं शतक होतं. ते 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथने बसवलं, मॅग्नेशियमसारखा हलका धातू जोडता यावा म्हणून. तिथेही आधी अडलेलं काम होतं, मशीन मागून आलं.

पुढे व्हीजेटीआयमध्ये बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं. पक्की नोकरी सोडून लोखंडाच्या नादी लागलेला मास्तर! सायकलीच्या दुकानाच्या जोडीला छोटं वर्कशॉप उभं राहिलं. तिथे बनवलं काय? कडबा कापायचं यंत्र. जनावरांना अख्खा कडबा टाकला की निम्मा वाया जातो, ही शेतकऱ्याची रोजची रड. मग लोखंडी नांगर. इथे मात्र गाडी अडली. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. दोन वर्षं नांगर पडून राहिले. तयार माल, गुंतवलेले पैसे आणि गिऱ्हाईक नाही. आपण या काळात पहिल्या महिन्यातच मशीन ओएलएक्सवर टाकलं असतं. लक्ष्मणरावांनी नांगर बनवणं सोडलं नाही.

लोक पटू लागले, तेवढ्यात जागा गेली. शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना वर्कशॉप हलवायला लावलं. मला या चरित्रातला सगळ्यात आजचा भाग हाच वाटतो. आपल्या गड्याला नोटीस नगरपालिकेची येणार नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीची येईल, आणि ती काही उगाच नसेल. आर्कचा अतिनील झोत समोरच्या खिडकीतल्या माणसाच्या डोळ्यांना लागतो. बंद खोलीत आर्गन साठला तर तो ऑक्सिजनला बाजूला सारतो, आणि पंखा थेट कामावर सोडला तर कवच उडून सांध्याला भोकं पडतात. ब्रेक क्लीनर मारलेला भाग तसाच वेल्ड करायला घेतलात, तर त्यातल्या क्लोरीनवाल्या द्रव्यांपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही आधी घासून घ्यायचा, त्याच्या धुराने ताप भरतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा. घरच्या मीटरचा मंजूर लोड किती, हेही मशीन घेण्याआधी बघायचं. चौघांनी मिळून एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळ्याचा कोपरा भाड्याने घेतलेला बरा. बाल्कनीत कपडेच वाळत घाला.

लक्ष्मणरावांना कोपरा दिला एका राजाने. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, माळ तो! निवडुंग आणि साप. 1910 मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. सोबत शंभूराव जांभेकरांसारखी कॉलेजची पदवी नसलेली, पण हातात यंत्रविद्या असलेली माणसं होती. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. वसाहतीत अस्पृश्यता चालणार नाही, हेही ठरवून टाकलं. 1910 च्या आसपास हे करणं किती धाडसाचं होतं, याची आज कल्पना येणार नाही.

त्या माळावर नांगर निघाले, उसाचे चरक निघाले, पुढे पंप निघाले. 1920 मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर’ मासिकही सुरू झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून 1926 मध्ये परत आला.

26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. पुणे-मिरज मार्गावर कुंडल रोड नावाचं स्टेशन आता शोधू नका. पाटीवर किर्लोस्करवाडी लिहिलंय.