रेव्हरंड गॉर्डन हॉल व त्यांची औषधे

पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळी व चाकण ह्या गावांच्या आसपास आज जर्मनी, जपान, कोरिया इत्यादी देशांतील लोक कारखान्यांच्या कामानिमित्त येऊन राहतात. परमुलखात आलेल्या मनुष्यास लागणाऱ्या काळज्या जुन्याच आहेत. राहण्याचा परवाना मिळेल काय, लोकांशी कोणत्या भाषेत बोलावे, पाणी मानवेल काय, आणि मूल आजारी पडले तर काय करावे? ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास नाशिक आहे. तेथून परत फिरल्यावर वाटेत ज्यांस मरण आले त्या रेव्हरंड गॉर्डन हॉल साहेबांनी ह्या सर्व काळज्या वाहिल्या.

ते १७८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात जन्मले. १८१२ च्या फेब्रुवारीत त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली व त्याच महिन्यात ते गलबतात बसले. निघण्यापूर्वी त्यांनी थोडे वैद्यकही शिकून घेतले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. तेव्हा ते आपले सोबती नॉट साहेब ह्यांच्यासह ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस आले. तेथेही तीच गत! त्या वेळी इंग्रज व अमेरिकन ह्यांच्यात युद्ध चालू असल्यामुळे संशय अधिकच. त्यांस विलायतेस पाठविण्याचे ठरले. ते दोघे गुपचूप कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांस परत आणण्यात आले. सामान सोडावे की बांधून ठेवावे हेच कळेना. अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांस त्यांनी केलेल्या कळकळीच्या विनंत्यांना यश आले व राहण्याची मोकळीक मिळाली.

मराठी शिकण्यास साधने फार थोडी होती. केरी साहेबांनी सेरामपुरास १८०५ साली व्याकरण व १८१० साली कोश छापिला होता, तेवढाच आधार. बाकीची भाषा हॉल साहेबांनी मुंबईच्या रस्त्यांत व बाजारांत लोकांच्या तोंडून उचलली.

भाषा वश झाली, हवा मात्र झाली नाही. नॉट साहेब प्रकृती बिघडल्याने १८१५ साली स्वदेशी गेले. १८१७ साली बंगाल्यात उठलेली पटकी पुढल्याच वर्षी मुंबईस पोहोचली, आणि १८२१ साली तिनेच दुसरे सोबती न्यूएल साहेब ह्यांस नेले. हॉल साहेबांचा विवाह १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुइस ह्या इंग्रज बाईंशी झाला होता. मुले ह्या हवेत वाचत नाहीत असे दिसल्यावर १८२५ साली बाई दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. साहेबांस सोबत जाता आले असते, पण ते मागे राहिले. एक मुलगा समुद्रातच वारला.

१८२६ च्या मार्चात दोन ख्रिस्ती तरुणांस बरोबर घेऊन ते नाशिकास गेले. तेथे पटकीचा कहर चालला होता. त्यांनी आपली बहुतेक औषधे रोग्यांस वाटून टाकिली आणि मुंबईची वाट धरली. त्या काळच्या औषधांनी कितीसा गुण येणार! पटकीचे विष दूषित पाण्यातून पसरते व शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने रोगी मरतो, हे वैद्यांस पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. उकळून निववलेले पाणी, साखर व मीठ प्रमाणात मिसळून घोट घोट पाजण्याचा जो उपाय आज आपल्या कोणत्याही घरी होऊ शकतो, तो त्या पंडितास ठाऊक नव्हता.

वाटेत एका देवळाच्या ओसरीत ते निजले असता पहाटे त्यांस पटकीने गाठिले. उरलेले औषध घेतले, पण ते पोटात ठरेना. २० मार्च रोजी, काही तासांतच, ते मरण पावले. वय बेचाळिसाच्या आत होते. पेटी मिळाली नाही. त्या दोन तरुणांनीच त्यांस मूठमाती दिली.

तेव्हा गलबताने पत्र पोहोचण्यास कित्येक महिने लागत. बाई उरलेल्या एका मुलास घेऊन अमेरिकेत होत्या, त्यांस हे वर्तमान फार उशिरा कळले. तो मुलगा वाचला, आणि मोठा होऊन नॉर्थॅम्प्टन येथील मंडळीचा पाळक झाला. त्याचेही नाव गॉर्डन हॉलच होते.