प्रियदर्शी अशोकाचा शेजारधर्म



ज्या कुटुंबाने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे, त्याच्यापुढे वर्षभरातच एक प्रश्न उभा राहतो. देव्हारा उतरला, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आल्या, त्रिसरण-पंचशील मुलांच्या तोंडी बसले. घर बदलले, पण शेजार तोच राहिला. तलासरी तालुक्यातील झरीसारख्या गावी बौद्धांची घरे थोडी. भोवती हिमाय, हिरवा, वाघदेव मानणारे वारली बांधव; कोणी ख्रिस्ती प्रार्थनेला जाणारे, तर कोणी चैत्रात डहाणूकडच्या महालक्ष्मीच्या जत्रेला निघणारे. त्यांच्या हळदीला जायचे की नाही? प्रसाद पुढे आला तर काय करायचे? त्यांच्या भगताला हसायचे, की गप्प बसायचे?

या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे आपल्यात दिसतात. काही जण शेजार राखण्यासाठी गुपचूप जुन्या वाटेला लागतात. काही जण शेजाऱ्याच्या देवाची टिंगल केली म्हणजे आपण पक्के बौद्ध झालो, असे समजतात. पहिल्याने धम्म जातो, दुसऱ्याने शेजार जातो. या दोहोंहून वेगळी वाट सुमारे २,२५० वर्षांपूर्वी एका उपासकाने चालून दाखवली. त्याचे नाव सम्राट अशोक. त्याच्या लेखांचे दोन तुकडे आपल्याच पालघर जिल्ह्यात सापडले आहेत, म्हणून त्याचे चरित्र आपण आपल्या घरातल्या माणसाचे म्हणून वाचावे.

राजा आणि रणभूमी

अशोक हा मौर्य घराण्यातील चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास पाटलिपुत्र येथे त्याला राज्याभिषेक झाला. त्याने नव्याण्णव भाऊ मारून गादी मिळवली, अशी कथा जुन्या ग्रंथांत आहे. पण त्याच्याच एका शिलालेखात त्याच्या भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख येतो. तेव्हा अशा कथांपेक्षा दगडावर कोरलेल्या त्याच्या लेखांवर आपण अधिक भरवसा ठेवावा. ते लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती लिपी शेकडो वर्षे कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली आणि प्रियदर्शी राजा पुन्हा बोलू लागला.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली असता अशोकाने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख लोकांना धरून नेले आणि त्याच्या कितीतरी पट पुढे मेली, हा हिशेब शत्रूने मांडलेला नाही. विजयी राजाने स्वतः तो दगडावर कोरून ठेवला. त्या लेखात त्याला विशेष दुःख आहे ते आणखी एका गोष्टीचे. कलिंगात श्रमण होते, ब्राह्मण होते, निरनिराळ्या पंथांचे सदाचारी गृहस्थ होते. आईवडिलांची सेवा करणारी, मित्रांशी आणि नोकरांशी नीट वागणारी ही माणसे तलवारीला बळी पडली किंवा आप्तांपासून तुटली. चांगुलपणा सर्व पंथांत असतो, हे त्याला त्या प्रेतांच्या राशीसमोर उमगले.

पहिल्या वर्षाचा उपासक

नवदीक्षितांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट त्याच्या लहान शिलालेखांत आहे. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, पण पहिले वर्षभर आपला उत्साह बेताचाच होता, संघाजवळ गेल्यानंतर तो वाढला, असे तो मोकळेपणाने सांगतो. एवढा मोठा सम्राट. त्यालाही धम्म अंगी मुरायला वेळ लागला. मग तुमच्या घरातील एखादी वृद्ध आजी अजून चुकून जुन्या देवाचे नाव घेत असेल, तर तिच्यावर ओरडू नका. तिला विहारात घेऊन जा.

पुढे अशोक धम्मात दृढ झाला. अभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो बोधिवृक्षाच्या स्थानी गेला. विसाव्या वर्षी लुंबिनीला जाऊन त्याने तेथे स्तंभ उभारला आणि त्या गावाचा करभार हलका केला. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर काढावे, अशी त्याची आज्ञा होती. स्वतःच्या घरात तो इतका कडक होता. मग परक्यांशी तो कसा वागला?

त्याच्या काळी आजीवक नावाचा एक पंथ होता. सारे काही नियतीने आधीच ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाने काहीही होत नाही, असे ते मानीत. तथागतांनी या मताचा कडक शब्दांत निषेध केला होता, कारण प्रयत्नाला अर्थ नसेल तर शीलालाही अर्थ उरत नाही. असे असताना, अभिषेकाला बारा वर्षे झाली तेव्हा, अशोकाने बिहारमधील बराबर टेकडीवरील लेणी याच आजीवकांना राहण्यासाठी दान दिली. कठीण पाषाणात खोदलेल्या त्या लेण्यांच्या भिंती आरशासारख्या घासलेल्या आहेत. मत पटत नव्हते. पण ते मत मानणाऱ्या माणसाला पावसाळ्यात छप्पर हवे, हे राजाला पटत होते. पुढे केव्हा तरी तेथील काही लेखांतून आजीवक हे नाव कोणी तरी छिन्नीने खरवडून काढले. दान देणारा हात आणि नाव खरवडणारा हात, असे दोन्ही हात त्या टेकडीवर उमटले आहेत. आपला हात कोणता, हे आपण ठरवायचे आहे.

सोपाऱ्याचे दोन तुकडे

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वसई तालुक्यातील सोपारा हे त्या काळी मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाच्या कोटात स्तूप खोदून काढला. त्यांनाच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली सापडला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्याच वर्षी.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत. आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत श्रमणांना भेटणे होते आणि ब्राह्मणांनाही. वृद्धांना मदत करणे होते. खेड्यातल्या माणसांकडे जाऊन धम्माविषयी बोलणे होते.

नववा लेख तर आपल्या घरांसाठीच लिहिल्यासारखा आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, असे तो म्हणतो. त्यात त्याने स्त्रियांकडे विशेष बोट दाखवले आहे. आपण पुरुषांनी त्यावर खूश होऊ नये. नवसाचा कोंबडा आणायला बाजारात आपणच जातो. हे विधी लोक करोत, पण त्यांचे फळ अल्प आहे, असे राजा सांगतो आणि खरे मंगल कोणते तेही सांगतो: दासांशी आणि नोकरांशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

दास आणि नोकर यांना त्याने पहिले स्थान दिले आहे. झरीच्या मातीत उभे राहून हे वाचावे, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील याच झरी गावी, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी बायकोसह राबणाऱ्या माणसाला तेव्हा लग्नगडी म्हणत. लग्नाचा विधी यथासांग झाला आणि माणूस जन्माचा गडी झाला! अल्प फळाचे विधी कोणते आणि खरे मंगल कोणते, याचा याहून स्पष्ट दाखला हवा कशाला?

तीन वेगळ्या गोष्टी

धर्मसहिष्णुतेविषयी अशोकाचा मुख्य लेख बारावा. तो गिरनारसारख्या ठिकाणी वाचायला मिळतो. सर्व पंथांचा, त्यातील गृहस्थांचा आणि संन्याशांचा आपण मान राखतो. पण दानापेक्षाही सर्व पंथांच्या साराची वाढ व्हावी हे आपल्याला मोलाचे वाटते, असे तो म्हणतो. त्याचे मूळ तो वाणीच्या संयमात पाहतो. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. म्हणून एकमेकांचा धम्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे, असा त्याचा उपदेश आहे.

पण यावरून अशोक सगळ्याला होकार देत होता, असे समजू नका. त्याच्या पहिल्याच शिलालेखात यज्ञासाठी प्राणी मारण्याला बंदी आहे. म्हणजे त्याने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. ज्या रूढीने जिवाला इजा होते, ती त्याने थांबवली. जी रूढी निव्वळ निष्फळ आहे, तिच्याविषयी त्याने समजावून सांगितले. आणि माणसाच्या मनातील श्रद्धेचा त्याने मान राखला. आपल्याकडे गफलत होते ती येथेच. श्रद्धेला आपण हसतो आणि अन्यायापुढे गप्प बसतो. नेमके उलटे व्हायला हवे.

अशोकालाही देव करू नका. ज्या लेखात कलिंगाचा पश्चात्ताप आहे, त्याच लेखात त्याने अरण्यात राहणाऱ्या लोकांना दम दिला आहे की राजा पश्चात्ताप पावला असला तरी त्याच्या हाती दंड आहे. आदिवासींच्या शेजारात राहणाऱ्या आपण हे वाक्य नजरेआड करता कामा नये. इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास त्याचा अंत झाला. त्याचे जे चांगले ते घ्यावे आणि जे अपुरे राहिले ते आपण पुरे करावे.

आपल्या घरी

बाबासाहेबांनी दीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६, म्हणजे अशोक विजयादशमीचा दिवस निवडला. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर २१ वर्षे त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. बहुश्रुत होणे ते हेच. ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडवलेल्या संविधानाच्या २५ व्या कलमात प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. त्याच स्वातंत्र्याने आपण धम्म स्वीकारला. ते शेजाऱ्याला नाकारण्याचा हक्क आपल्याला कोठून मिळणार?

बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत. त्या आपल्याला बांधतात, शेजाऱ्याला नाही. म्हणून पूजेला हात जोडू नका, प्रसाद नम्रपणे नाकारा. पण लग्नाच्या मांडवात पाणी वाढायला जरूर जा. जत्रेला निघालेल्या मुलांना आपल्या मुलांनी चिडवले, तर आपल्या मुलांचा कान धरा. शेजारच्या घरी तापाने फणफणलेल्या लेकरासाठी भगत बोलावला असेल, तर वाद घालत बसू नका. गाडी मिळवा आणि लेकराला दवाखान्यात न्या. ते बरे झाल्यावर धम्माचे दोन शब्द बोला, तेव्हा ते ऐकले जातील. आणि कोणाची मजुरी बुडत असेल, कोणाला जातीवरून पाण्यापाशी अडवले जात असेल, तर तो कोणत्या देवाला मानतो हे न विचारता त्याच्या बाजूला उभे राहा.

पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन सोपाऱ्याचा स्तूप पाहून या. आपला धम्म परक्या ठिकाणाहून आलेला नाही, तो या किनाऱ्यावर बावीस शतकांपूर्वीच नांदत होता, हे त्यांना दाखवा. आणि ज्या राजाने तो दगडावर लिहिला, त्याने शेजाऱ्याचे घर मोडून आपले विहार बांधले नाही, हेही सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!